प्लॉट पाडण्यापूर्वी : जमिनीची पाहणी आणि वसाहतीची आखणी



गावाच्या वेशीबाहेर परवापर्यंत जिथे ज्वारी उभी होती, त्या रानात एके दिवशी चुन्याच्या रेघा, लाकडी खुंट्या आणि नंबर घातलेले दगड दिसू लागतात. रस्त्याच्या तोंडाशी एक कमान उभी राहते, तिच्यावर एखाद्या देवाचे नाही तर फुलाचे नाव झळकते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत निम्मे प्लॉट विकले जातात. हे दृश्य आता महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहायला मिळते. त्या रेघांनी पाडलेल्या चौकोनांपैकी एखादा चौकोन म्हणजे कुणा शिक्षकाची, कुणा नर्सबाईंची, कुणा निवृत्त कारकुनाची सारी शिल्लक असते. तेव्हा चुन्याची ती पहिली रेघ पडण्याआधी त्या रानात कोणत्या गोष्टी पाहायला हव्यात, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा राहत नाही. चूक झाली तर ती भोगणारा माणूस इंजिनियर नसतो.

या विषयात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. कोणत्याही जमिनीची एक आखणी आपण तेथे जाण्यापूर्वीच झालेली असते. पाणी कोठून यायचे व कोठे जायचे, कठीण थर किती खोल, माती कोणती, उतार कोणीकडे, हे सारे त्या जागी हजारो वर्षांपूर्वी ठरून गेलेले असते. आपला आराखडा त्या आखणीला धरून असला की वसाहत सुखाने नांदते. तो तिच्याविरुद्ध गेला की दर पावसाळ्यात भांडण होते, आणि ते भांडण जमीन कधी हरत नाही. म्हणून पाहणी आधी आणि आराखडा मागून, हा क्रम सोडता कामा नये.

हा क्रम आपल्याकडे नव्याने सांगितला जात आहे असेही नाही. स्कॉटलंडमधील जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस हे १९१४ साली हिंदुस्थानात आले. त्यांनी येथील अनेक शहरे पायी हिंडून पाहिली व त्यांवर अहवाल लिहिले. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे गावाची व जमिनीची पाहणी केल्यावाचून नकाशावर रेघ ओढू नये, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, म्हणजे त्याच काळातला. आपल्या देशातील तो या प्रकारचा पहिला कायदा होय. पुढे १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. कायदे आहेत, नियमावल्या आहेत. उणीव असते ती रानात उतरून पाहण्याची.

कागद काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

जमीन घेताना आपण प्रथम सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, मोजणीचा नकाशा काढतो. हे योग्यच आहे. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, वहिवाटीचा रस्ता कोठून, हे त्यावरून कळते. विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या विभागात आहे, तिच्यावरून एखादा नियोजित रस्ता जातो काय, तिच्यावर आरक्षण आहे काय, हेही नगररचना कार्यालयातून कळते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली ठरावीक मर्यादेपलीकडच्या प्लॉटच्या योजनांनाही नोंदणी लागते. महाराष्ट्रात या कायद्याचे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करीत आहे. हे सर्व तपासावे.

परंतु सातबारा हा जमिनीच्या मालकीचा कागद आहे. जमिनीच्या प्रकृतीचा नव्हे. जमिनीखाली मुरूम आहे की पुरुषभर काळी माती आहे, ते त्यावर लिहिलेले नसते. भाद्रपदात तिच्या कोणत्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी उभे राहते, तेही लिहिलेले नसते. ते ठाऊक असते तीस वर्षे ती जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला. तो त्या कोपऱ्याला 'लवण' म्हणतो, त्या भागात भुईमूग घेत नाही, आणि तेथे चिबड धरते म्हणून सांगतो. पाहणीचा आरंभ या माणसापासून करावा. त्याला विचारायला पैसे पडत नाहीत, आणि मोठ्या यंत्राने महिनाभर मोजूनही न कळणाऱ्या काही गोष्टी तो अर्ध्या तासात सांगून जातो.

उतार आणि पाणी

शेतकऱ्याच्या माहितीला मोजमापाची जोड हवी. त्यासाठी समोच्चरेषांचा, म्हणजे ज्याला इंजिनियर 'कंटूर' म्हणतात तो नकाशा करावा लागतो. समान उंचीवरचे बिंदू जोडून काढलेली रेषा ती समोच्चरेषा. रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, लांब लांब गेल्या की जमीन सपाट, आणि चढाच्या दिशेने टोक करून वळल्या की तेथे पाण्याची वाट आहे असे समजावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे आपल्या भागाची ठेवण समजायला फार उपयोगी आहेत. पण त्यांतील दोन रेषांमधील उंचीचे अंतर सामान्यतः २० मीटर असते. पाच-दहा एकरांचे अख्खे रान त्या दोन रेषांच्या मध्येच हरवून जाते. आपल्या कामाला अर्ध्या वा एक मीटर अंतराच्या रेषांचा नकाशा लागतो. पूर्वी डंपी लेव्हल आणि प्लेन टेबल घेऊन त्याला आठवडा लागे. आता टोटल स्टेशनने व ड्रोनने ते काम फार लवकर होते. तेव्हा वेळ नाही ही सबब आता चालण्यासारखी नाही.

या नकाशावरून पाहायची पहिली गोष्ट म्हणजे आपल्या हद्दीबाहेरचे पाणी. पाणी गट नंबर पाहून वाहत नाही. आपले रान दहा एकर असेल. पण त्यातून जाणारा ओहोळ वरच्या पाचशे एकरांचे पाणी आणत असेल तर आपल्याला पाचशे एकरांचा हिशोब केला पाहिजे. चैत्रात तो ओहोळ पाहिला तर एखादी खडकाळ घळ दिसते, तिच्यात बाभळी वाढलेल्या असतात, आणि 'हा तर कोरडाच आहे' असे म्हणून तो भरून काढण्याचा मोह होतो. अनेक वसाहतींच्या दुःखाची सुरुवात या एका वाक्यात आहे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या पाण्याची. येथे थोडे गणित करू. ते अवघड नाही. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि हल्ली असा पाऊस नवलाचा राहिलेला नाही, तर एका एकरावर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. दहा एकरांवर वीस लाख लिटर. रान नांगरलेले असताना यांपैकी पुष्कळ पाणी जमिनीत मुरते, सऱ्यांत व बांधांशी थांबते. ढोबळ मानाने तीन दशांश, म्हणजे सहा लाख लिटर, वाहून जाते असे धरू. त्याच रानावर छपरे, फरशा, डांबरी व सिमेंटचे रस्ते झाले की मुरायला जागा उरत नाही, आणि सात दशांश, म्हणजे चौदा लाख लिटर, बाहेर पडते. पाऊस तोच, रान तेच. पाणी मात्र दुपटीहून अधिक. शिवाय ते गुळगुळीत रस्त्यावरून धावत येते, म्हणून फार थोड्या वेळात एका जागी गोळा होते.

आता असे समजा की कुणी जुन्या शेतातला ओहोळ पाहून तेथे दीड फूट व्यासाचा सिमेंटचा नळ टाकला. दोनशे मीटरांत एक मीटर उतार दिला तर असा नळ भरून वाहताना सेकंदाला सुमारे २०० लिटर पाणी नेतो. सहा लाख लिटर तासाला म्हणजे सेकंदाला १६७ लिटर. शेताला नळ पुरला असता. चौदा लाख म्हणजे सेकंदाला ३८९ लिटर. वसाहतीला तो निम्माच पुरतो. उरलेले निम्मे पाणी कोणाच्या घरात जाते, हे त्या समोच्चरेषांच्या नकाशावर बोट ठेवून आधीच सांगता येते. आणि हा हिशोब आपल्या दहा एकरांचाच झाला. वरचे पाचशे एकर अजून यायचे आहेत.

हे गणित खेड्यापाड्यांपुरते आहे असे समजू नये. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातले निम्मे पाणी वाहून येईल या हिशोबाने बांधलेल्या होत्या. त्या काळी शहरात मोकळी जमीन होती, म्हणून तो हिशोब त्या काळापुरता ठीक होता. पुढे शहर दाट झाले. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तासाला ५० मिलिमीटर पाऊस व पडलेले सगळेच पाणी वाहून येते असे धरण्याची शिफारस केली. ते काम पुरे होण्याआधीच २६ जुलै २००५ चा दिवस उजाडला. सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढ्या पावसाला कोणतीच गटारे पुरली नसती हे खरे. परंतु मिठी नदीचे पात्र भरावाने व बांधकामांनी आवळले गेले नसते तर पाणी इतके चढले नसते व इतके तुंबून राहिले नसते, हेही तितकेच खरे.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच धडा लहान ओढ्याने दिला. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांतून येऊन मुठेला मिळतो. पेशवाईत याच ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले गेले होते; म्हणजे ओढा वळवता येतो, पण त्यासाठी पाण्याला दुसरी ऐसपैस जागा द्यावी लागते, ही जाण त्या लोकांना होती. गेल्या काही दशकांत मात्र ओढ्याची जागा कमी करीत आणली गेली, दुसरी जागा दिली गेली नाही. त्या रात्री अरण्येश्वर व आसपासच्या वस्त्यांत भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. नदीचा पूर येताना सूचना तरी मिळते. ओढ्याचा पूर तासाभरात येतो, तोही पुष्कळदा रात्री.

पूररेषा म्हणजे काय

नदीकाठच्या जमिनीबद्दल 'निळी रेषा' आणि 'लाल रेषा' हे शब्द कानावर येतात. सरासरीने २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी ती निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल, असे सामान्यतः धरले जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची उंची वगैरे अटींवर ते करता येते.

या 'वर्षांत एकदा' शब्दांनी पुष्कळांची दिशाभूल होते. 'शंभर वर्षांचा पूर नुकताच येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी पाहू,' असे लोक म्हणतात. तो अर्थ नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरात एक असलेला पूर. गेल्या वर्षी तो आला म्हणून यंदा तो संभव कमी होत नाही. घरासाठी कर्ज काढून आपण निदान तीस वर्षे त्यात राहणार असे धरले, तर लाल रेषेवरच्या घरात त्या तीस वर्षांत पाणी शिरण्याचा संभव शेकडा २६ आहे. निळ्या रेषेवरच्या घराला तो शेकडा ७० होतो. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनंतर हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

काळी आणि पांढरी

आता माती. आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग सांगत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. ही वाटणी करताना आपल्या पूर्वजांनी स्थापत्यशास्त्राचे ग्रंथ वाचलेले नव्हते. पण काळीवर घर टिकत नाही हे त्यांनी पाहिलेले होते. गावठाणे बहुधा उंचवट्यावर, मुरमाड किंवा टणक जागी, नदीपासून घागर आणता येईल इतकी जवळ आणि पूर चढणार नाही इतकी उंच अशी सापडतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, माती, पडलेल्या भिंती यांचे थर साठून ती पांढरी आणखी उंच होत गेली. शिरूर तालुक्यातील इनामगावी घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी घातलेला बांध आणि पाण्याचा पाट सापडला. जागा पाहूनच वस्ती करायची हा शहाणपणा आपल्या मातीत इतका जुना आहे.

काळी माती का नको? ती अग्निजन्य बेसॉल्ट खडक झिजून झालेली असते, आणि तिच्यात पाणी शोषून फुगणारी एक प्रकारची चिकणमाती असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगते. पिकाला हा गुण फार चांगला, कारण ती ओल धरून ठेवते. घराला तोच गुण मारक आहे. घराच्या मध्यभागाखालची माती छपरामुळे बऱ्यापैकी कोरडी राहते, कडेची माती भिजते व फुगते. पाया एकीकडे उचलला जातो आणि दुसरीकडे तसाच राहतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दारे घासू लागतात, फरशी उठते. मालक गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला दोष देतो. दोष पुष्कळदा दोघांचाही नसतो, तो पायाखाली असतो.

काळ्या जमिनीवर घर बांधताच येत नाही असे मात्र नाही. माती चार-पाच फूट असेल तर पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत नेतात. फार खोल असेल तर खाली फुगीर तळ असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घालतात. ही पद्धत आपल्याकडे रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली आहे. जोत्यात काळी मातीच भरू नये, आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदीचा पट्टा करावा. पण यांतील प्रत्येक उपायाला पैसे लागतात. प्लॉट स्वस्त मिळाला आणि पाया महाग पडला, असे होऊ नये म्हणून मातीची खोली आधी कळली पाहिजे. ती कळण्याची रीत सोपी आहे : खड्डे घेऊन पाहणे. सुमारे एक एकराच्या बांधकामाच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे पाच खड्डे किंवा बोअर पुरेसे होतात असे भारतीय मानक सांगते. मोठ्या रानात मातीचा रंग, पीक व उतार जेथे जेथे बदलतो तेथे तेथे खड्डा घ्यावा. कोणत्या खोलीवर काय लागले, पाणी कोठे लागले, हे लिहून नकाशावर मांडले की आपल्या रानाचा पोटातला नकाशा तयार होतो.

भराव आणि डोंगर

दोन प्रकारच्या जमिनींबद्दल विशेष सावध असावे. एक भरावाची जमीन. शहरांभोवती दगडांच्या जुन्या खाणी असतात. त्यांत पडक्या इमारतींचा राडारोडा, माती आणि कचराही टाकून वर चांगला मुरूम पसरला की जागा सपाट व देखणी दिसते. असा भराव कित्येक वर्षे खचत राहतो, आणि सारखा खचत नाही. भराव करायचाच तर वीतभर जाडीचे थर देऊन, प्रत्येक थरावर योग्य तेवढे पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. डंपरने ओतलेला ढीग म्हणजे भराव नव्हे. शेजारच्या रानापेक्षा एकदम उंच किंवा संशयास्पद रीतीने सपाट असलेली जागा दिसली की पूर्वी तेथे काय होते ते विचारावे. उपग्रहाची जुनी छायाचित्रे आता कोणालाही पाहायला मिळतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तेथे खाण होती की तळे होते, हे घरी बसून कळू शकते.

दुसरी जमीन डोंगरउताराची. तेथून देखावा चांगला दिसतो, म्हणून भावही चांगला येतो. पण उतार कापून पायरी केली की वरच्या मातीचा पायाच काढून घेतला जातो. मुसळधार पावसात झिजलेल्या थरात पाणी भरते, खालच्या कठीण खडकावरून ते ओझे सरकू लागते. पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेले व दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तशीच पाळी आली. ही जुनी गावे होती, ती कोणी प्लॉट पाडून वसवलेली नव्हती. परंतु भिजलेला उतार काय करू शकतो ते त्यांवरून कळते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मज्जाव आहे, त्याचे कारण हेच. सौम्य उतारावर भिंत घालून बांधायचे तर भिंतीमागचे पाणी बाहेर काढणारी भोके आणि त्यांमागे खडीचा थर हवा. नाही तर ती भिंत मातीबरोबर पाण्याचाही भार झेलते आणि एका पावसाळ्यात कोसळते.

येणारे पाणी आणि जाणारे पाणी

तहान लागल्यावर विहीर खणू नये ही म्हण आपण सगळेच वापरतो, आणि वसाहती करताना नेमके तेच करतो. हिशोब करून पाहा. १०० प्लॉट, प्रत्येक घरी पाच माणसे, म्हणजे ५०० वस्ती. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर रोज ६७,५०० लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज सात टँकर, वर्षाचे सगळे दिवस. 'बोअरला भरपूर पाणी आहे' हे आश्वासन श्रावणातले असेल तर त्याला अर्थ नाही. आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या सांध्यांत साठते. खोल खोल गेले म्हणून ते वाढतेच असे नाही. म्हणून बोअरची परीक्षा एप्रिल-मे महिन्यात, सलग काही तास पंप चालवून घ्यावी.

आलेल्या पाण्यापैकी सुमारे आठ दशांश पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे आपल्या वसाहतीतून रोज ५४,००० लिटर. गावाची गटारयोजना जवळ नसेल तर ते कोठे जाणार? प्रत्येक घराचा शोषखड्डा मुरमाड जमिनीत चालेल. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरतच नाही, दुसऱ्याच वर्षी तो तुंबतो. आणि मुरमातही शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा; नाही तर शेजाऱ्याचे सांडपाणी आपल्याच बादलीत येते. लहान लहान प्लॉटवर प्रत्येकाने आपापला शोषखड्डा आणि आपापली बोअर घेतली तर हे अंतर कागदावरसुद्धा बसत नाही. अशा ठिकाणी एकत्रित मलवाहिनी व शुद्धीकरणाची सोय आराखड्यातच धरावी. नळातील घाण बसू नये यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर तरी राहिला पाहिजे, म्हणजेच पुरेसा उतार हवा. सर्वांत सखल जागा शुद्धीकरणासाठी न ठेवता विकून टाकली, तर पुढे सांडपाणी चढावर नेण्यासाठी जन्मभर पंप चालवावा लागतो.

मग आराखडा

एवढे झाल्यावर कागद पसरावा. आता आराखडा बराचसा आपोआप सुचतो. प्रथम ओढा व त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा बाजूला काढावा. नियमाने जेवढे अंतर सोडायला सांगितले आहे ते कमीत कमी समजावे. मग मुख्य रस्ते. ते उताराला धरून बेताच्या चढाचे घ्यावेत, म्हणजे खोदाई आणि भराव दोन्ही कमी होतात, आणि रस्त्याकडेची गटारे आपोआप ओढ्याकडे उतरतात. समोच्चरेषा न पाहता पट्टीने काढलेली सरळ चौकट नकाशावर नीटनेटकी दिसते. जागेवर मात्र एक रस्ता धबधबा होतो आणि दुसरा डबके. रस्त्यांनंतर प्लॉट, आणि प्लॉटची पातळी रस्त्याच्या मध्यापेक्षा उंच. रस्ता दरवेळी खरवडून न काढता त्यावर थर चढवीत गेले तर काही वर्षांत घरे खाली व रस्ता वर अशी स्थिती येते, याचाही विचार तेव्हाच करावा.

राहिली मोकळी जागा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. पुष्कळदा प्लॉट पाडून उरलेला त्रिकोणी तुकडा त्यासाठी दाखवतात. त्यापेक्षा ती ओढ्याच्या पट्ट्याला लागून, पण त्याहून थोड्या उंच पातळीवर घ्यावी. वर्षाचे बाकी सर्व दिवस तेथे मुले खेळतील, आणि वर्षातून दोन दिवस ओढ्याला पूर आला तर ते पाणी मैदानात दोन तास उभे राहून निघून जाईल. मैदान भिजले तर वाळते. घर भिजले तर धान्य, पुस्तके, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली वस्त्रे, सगळे जाते.

परवडते का?

यावर नेहमी एक आक्षेप येतो की, ओढ्याला जागा सोडली, मैदान सोडले, तर प्लॉट कमी होतात आणि भाव वाढतो. सामान्य माणसाला मग घर परवडणार कसे? आक्षेप प्रामाणिक आहे. पण न सोडलेली जागा फुकट मिळत नाही, तिची किंमत फक्त पुढे ढकलली जाते आणि दुसऱ्याच्या नावावर लिहिली जाते. ओढा बुजवून काढलेले पाच प्लॉट विकणारा पाचच वर्षांत तेथून निघून गेलेला असतो; मागे राहतात ते घेणारे आणि त्यांच्या वरच्या अंगाला राहणारे शेजारी, ज्यांनी काहीच केलेले नसते. पुढे नगरपालिका लोकांच्या करातून तोच ओढा पुन्हा मोकळा करायला निघते, तेव्हा ज्याने कायदेशीर कागद पाहून घर बांधले त्याच्याच दारात ती येऊन उभी राहते. कागदावरची रेघ रबराने पुसता येते. सिमेंटची पुसायला न्यायालय लागते. पाहणीला, नकाशाला आणि चार-सहा खड्ड्यांना जो खर्च येतो तो एखाद्या तडकलेल्या घराच्या दुरुस्तीहूनही थोडा असतो.

शेवटी, आपल्यापैकी जे कोणी प्लॉट घेण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी. इंजिनियर नसलेल्या माणसालाही काही गोष्टी करता येतात. जागा एकदा उन्हाळ्यात आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहावी. जुन्या विहिरीत डोकावून मातीचा थर किती आहे ते पाहावे. विहिरीची भिंत म्हणजे आयताच खणलेला खड्डा. शेजारच्या जुन्या घरांना भेगा आहेत का, भिंतीवर पाण्याच्या ओलीची रेघ कोठवर आहे, ते बघावे. मूळ शेतकऱ्याला गाठून लवण कोठे होते ते विचारावे. आणि विकणाऱ्याला तीन प्रश्न करावेत : समोच्चरेषांचा नकाशा कोठे आहे, वरून येणारे पाणी कोठून जाणार, आणि सांडपाणी कोठे नेणार? ज्याने पाहणी केली आहे तो कागद काढून दाखवील. ज्याने केली नाही तो कमान दाखवील.

काळीवर पीक आणि पांढरीवर घर, एवढ्या दोन शब्दांत आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र सांगून ठेवले होते. आपल्याला आता काळीवरही घरे बांधावी लागणार, कारण माणसे वाढली आणि गावे शहरांत मिळाली. ते करता येते. मात्र ते करताना जमिनीला आधी विचारावे, आणि तिने दिलेल्या उत्तराला मान द्यावा, एवढीच आपणा सर्वांना विनंती आहे.